टाचणाची पहिली ओळ

माझ्या टाचणवहीत उद्दिष्टाच्याही आधी एक ओळ असते. घटक, उद्दिष्ट, साहित्य, कृती, मूल्यमापन हे नेहमीचे रकाने खाली आहेतच. पण त्यांच्या वर लिहिलेलं असतं, ‘या पाठातून कोण बाहेर राहील?’ आणि पुढे मुलांची नावं. ही ओळ माझी नाही. ती ज्यांनी दिली ते सर, आणि ज्यांच्यामुळे ती मला उमगली ती एक आजी, एक मुलगी आणि एक मुलगा, यांचं देणं माझ्याकडे आहे. ते फिटायचं नाही. निदान लिहून ठेवावं म्हणून हा खटाटोप.

आमची जिल्हा परिषदेची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या अंगाला. दोन शिक्षकी, पहिली ते चौथी. दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ मागे राहतात, बाकीची आईबापाबरोबर फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी बोलतात. तिसरीच्या एकाच वर्गात कोणी धडाधडा वाचणारं, कोणी अक्षराला अडणारं, कोणी चार महिने शाळाच न पाहिलेलं. अशा वर्गात ती मुलगी आली. जन्मापासून तिची नजर अधू.

तिच्यासाठी म्हणून गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक आले. हे सर मोटारसायकलवर सगळा तालुका पालथा घालत. पाठीवरच्या पिशवीत ठळक रेघांच्या वह्या, भिंगं, ब्रेलपाटी. इतकं मोलाचं काम करणारी ही माणसं वर्षानुवर्षं करारावर राबली, याची खंत मला आजही आहे. मला वाटलं, ते मुलीला तपासतील आणि काही साहित्य देऊन जातील. ते मागे सतरंजीवर बसून माझा पाठ बघत राहिले. मधल्या सुट्टीत त्यांनी टाचणवही मागितली.

“मॅडम, हा पाठ कोणासाठी काढलाय?”

“तिसरीसाठी.”

“तिसरीतल्या कोणासाठी?”

मी गप्प. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि पानाच्या वरच्या कोऱ्या जागेत ती ओळ लिहिली. म्हणाले, “पाठ झाल्यावर तिच्यासाठी वेगळा कागद काढला तर ती आपल्याच वर्गात पाहुणी होते. आधी तिला धरून पाठ बांधा. मग बघा, आणखी कोण कोण आत येतं.”

मुलीला काय दिसतं, कसं दिसतं, हे मात्र सरांच्या भिंगांपेक्षा तिच्या आजीला जास्त ठाऊक होतं. आई-बाप कारखान्याला गेल्यावर ही म्हातारीच तिचं सगळं बघायची. सरांनी तिला ओट्यावर बसवून विचारलं, “आजी, पोरगी घरी काय काय करती?” आजी म्हणाली, “डाळ निवडती की. पर दाराकडं पाठ करून बसती. उजेड तोंडावर आला की तिला कायबी दिसत न्हाई बगा.” आमच्या वर्गात खिडकी फळ्याच्या बाजूला होती आणि सकाळभर फळा चकाकायचा. त्याच दिवशी आम्ही बैठक फिरवली. मुलांच्या पाठीशी खिडकी आली, फळा समोरच्या भिंतीवर गेला. दोन-तीन मुलं, ज्यांच्या डोळ्यांबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती, तीही फळ्यावरचं बिनचूक उतरवून घेऊ लागली. इतकी मोलाची माहिती त्या माउलीकडे होती आणि तिला तोवर कोणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून जूनमध्ये प्रत्येक घरी जाऊन मी तोच प्रश्न विचारते, “घरी काय काय करतं हो पोर?” काय येत नाही, हे विचारत नाही.

सरांच्या ओळीखाली मी बांधलेला पहिला पाठ नकाशाचा. तिसरीला परिसर अभ्यासात आपला जिल्हा असतो. पुस्तकातल्या नकाशाच्या रेघा बारीक, रंग फिके. किराणा दुकानातून मोठा पुठ्ठा आणला. जिल्ह्याच्या हद्दीला जाड सुतळी चिकटवली. उत्तरेच्या हद्दीवरून गोदावरी वाहते, तिच्यासाठी सुतळीची वेणी घातली. सिंदफणा आणि मांजरा यांना एकपदरी दोरा. बालाघाटाच्या जागी फेविकॉल पसरून त्यावर नदीची वाळू टाकली. तालुक्याच्या गावांना शर्टाची बटणं.

नकाशा जमिनीवर ठेवला. मुलीने पुठ्ठ्याच्या कडेवरून हात फिरवला, मग एक बोट वाळूवर ठेवून दुसऱ्या हाताने दोरे चाचपत राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाई, ही नदी डोंगराच्या हिकडून जाती अन् ही तिकडून. मधी डोंगर हाय म्हणून त्या भेटत न्हाईत.” सिंदफणा बालाघाटाच्या उत्तरेकडून गोदावरीला जाते आणि मांजरा दक्षिणेकडून. डोंगराने पाणी कसं वाटून दिलं आहे, हे डोळसांपैकी कोणी आजवर नकाशात पाहून मला सांगितलं नव्हतं. मग काय, सगळ्यांनाच डोळे मिटून नकाशा ‘बघायचा’ होता. वाचताना अडखळणारा एक मुलगा तर सुतळीवर बोट ठेवून गावांची नावं ओळीने सांगू लागला.

तो नकाशा मी भिंतीवर मुलांच्या हाताला येईल इतक्या खाली टांगला. वर्षाच्या शेवटी फडावरून एक मुलगा परत आला. नकाशाचा घटक कधीच होऊन गेला होता. अशा मुलांना आपण ‘मागे पडलेली’ म्हणून मोकळे होतो. मला तो शब्द फार लागतो. हा मुलगा नकाशाजवळ गेला, हात फिरवला आणि विचारलं, “आमचा कारखाना कुठाय ह्यात?” कारखाना पुठ्ठ्याच्या बाहेर होता. मग नकाशा खाली उतरवून व्हरांड्यात ठेवला, मुलाच्या हातात खडू दिला. त्याने पुठ्ठ्याच्या कडेपासून फरशीवर रेघ ओढायला सुरुवात केली. बार्शी, पंढरपूर, मग सांगली. ट्रक कुठे थांबतो, रात्र कुठे होते, पाणी कुठे चांगलं मिळतं. “पंढरपूरला मोठी नदी लागती बाई, पुलावर समदी मानसं हात जोडत्यात.” मध्येच तो गोरमाटीवर यायचा, तांड्यावरची त्याची मैत्रीण मराठीत सांगायची. त्याच्याकडून मी एक ओळही लिहून घेतली नाही. दिशा, क्रम, अंतराचा अंदाज, खुणा, सगळं त्याने बोलून आणि आखून दाखवलं होतं, तसंच मूल्यमापनाच्या रकान्यात नोंदवलं. वर्गातल्या बाकीच्यांना तर जिल्ह्याच्या पलीकडचा महाराष्ट्र त्यानेच शिकवला.

पुढच्या भेटीत सरांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी मला रॉन मेस यांची गोष्ट सांगितली. हे अमेरिकेतले वास्तुविशारद. लहानपणी पोलिओ झालेला, चाकाच्या खुर्चीवर वावरणारे. इमारत बांधून झाल्यावर अपंगांसाठी काहीतरी जोडायचं, त्यापेक्षा आराखड्यातच सगळ्यांचा विचार करा, हा त्यांचा आग्रह. आमच्या शाळेच्या रॅम्पवर चाकाची खुर्ची क्वचितच येते, पण खिचडीचं पातेलं घेऊन येणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या मावशी रोज त्यावरूनच चढतात. हाच विचार पाठापर्यंत नेला तो मॅसॅच्युसेट्समधल्या ‘कास्ट’ या संस्थेने. 1984 साली सुरू झालेल्या या संस्थेतले लोक आधी संगणक वापरून अपंग मुलांना पुस्तकापर्यंत पोचवू बघत होते. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की बदलायला हवंय ते पुस्तक आणि तो पाठ. मुलाला शिकावंसं वाटावं, आशय त्याच्यापर्यंत पोचावा आणि कळलेलं त्याला दाखवता यावं, या तिन्हींसाठी एकाहून अधिक वाटा ठेवा, असं त्यांची ‘युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग’ ही पद्धत सांगते. आपल्याकडचा 2016 चा दिव्यांग हक्क कायदाही समावेशित शिक्षण म्हणजे मुलांनी एकत्र शिकणं आणि शिकवण्याची पद्धत त्यांच्या गरजांप्रमाणे जुळवून घेणं, असंच म्हणतो.

पण मला या सगळ्याआधीची माणसं आठवतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, तर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. ती कुरणशाळा. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या पोरीला शाळेत यायला जमेना, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. ती विकासवाडी. माझ्या व्हरांड्यातल्या खडूच्या रेघेला त्या कुरणाचा आधार आहे, असं मी मानते.

शिक्षण परिषदेत तरुण शिक्षक विचारतात, “मॅडम, प्रत्येकासाठी वेगळं करायला वेळ कुठून आणायचा?” त्यांचा प्रश्न खरा आहे, पटाला, माहिती भरण्याला आणि सर्वेक्षणांना त्यांचे दिवस जातात. मी त्यांना तो पुठ्ठा दाखवते. तो एकदाच केला, एकीला धरून केला आणि सगळ्यांना पुरला.

सध्या माझ्या वर्गात श्रवणयंत्र लावणारा एक मुलगा आहे. पाऊस आला की पत्र्यावर असा आवाज होतो की त्याच्या यंत्रात नुसता गोंगाट शिरतो. महत्त्वाचे घटक दिवाळीनंतर घ्यावेत, तर तोवर टोळ्या निघालेल्या असतात. म्हणून पावसाच्या दिवसांसाठी मी न बोलता घ्यायचे पाठ बांधते आहे: चित्रपट्ट्या, हातांच्या खुणा, जोडीने काड्यांचे दशक-सुटे मांडणं. गणिताचे बरेचसे बसलेत. गोष्टीचा पाठ अजून बसत नाही. मुलं म्हणताहेत की आपण ती नाटक करून दाखवू. येत्या आठवड्यात पाऊस सांगितलाय, तेव्हा करून बघणार आहोत.