नव्या साइटला मी आता लवकर होकार देत नाही

साइट बनवून देणं हा माझा धंदा. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली या टापूतले भांड्यांचे दुकानदार, राइस मिलवाले, कोसा रेशीम विकणारे, जंगलालगतच्या लॉजचे मालक ही माझी गिऱ्हाइकं. वर्षानुवर्षं मी त्यांना सांगत आलो की तीन वर्षं झाली, साइट जुनी झाली, आता नवी करून घ्या. आज मी असं सांगत नाही. या मतावर माझं घर चालत होतं, त्यामुळे ते सोडायची मला काही घाई नव्हती.

तीन वर्षांचा आकडा हवेतून काढलेला नव्हता. एप्रिल 2015 मध्ये गूगलने मोबाइलवर धड न दिसणाऱ्या साइट मोबाइलवरच्या शोधात मागे टाकायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि ज्यांनी कधी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता ती माणसं फोनवर दुकानं शोधू लागली. जुलै 2018 पासून क्रोम ब्राउझर एचटीटीपीएस नसलेल्या प्रत्येक साइटच्या पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असा शेरा मारू लागला आणि गिऱ्हाईक तो वाचून बिचकू लागलं. 2020 संपता संपता फ्लॅश कायमचं बंद झालं. ज्यांच्या पहिल्या पानावर गोल फिरणारा कलश होता तिथे रिकामा चौकोन उरला. मराठी मजकुराचं दुखणं तर आणखी निराळं. जुन्या साइटवरचा मजकूर श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला असायचा. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर त्याची नुसती खिचडी दिसायची आणि गूगलला त्यातला एक शब्द कळायचा नाही. अशी साइट रंग बदलून सुधारत नाही, ती नव्यानेच करावी लागते. त्या वर्षांत मी दिलेला सल्ला मला आजही योग्य वाटतो.

पण नंतर हा धबडगा थांबला. फोनवर नीट उघडणारी, युनिकोडमध्ये लिहिलेली, सुरक्षित पत्त्यावरची साइट एकदा झाली की ती तीन वर्षांत निकामी व्हायला काही कारणच उरलं नाही. मालकाला ती रोज पाहून कंटाळा येतो, एवढं खरं. गिऱ्हाईक मात्र ती बहुधा पहिल्यांदाच पाहत असतं.

माझं मत पहिल्यांदा हललं ते जय नावाच्या वाघामुळे. नागझिऱ्यातून 2013 मध्ये तो उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात आला, त्याने ते अभयारण्य देशभर गाजवलं आणि एप्रिल 2016 पासून तो दिसेनासा झाला. पवनीच्या बाजूला लॉज चालवणाऱ्या एका गृहस्थांच्या साइटवर पुढे दोन-अडीच वर्षं पहिल्या पानावर जयच होता. बुकिंग येत नाही, साइट जुनाट दिसते, अशी त्यांची तक्रार. मी नव्या साइटचं कोटेशन घेऊन गेलो. त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी फोन घ्यायची. ती म्हणाली, “काका, फोन करणारे पहिल्यांदा जयचंच विचारतात. नाही म्हटलं की ठेवून देतात.” म्हणजे साइटवर आम्ही जे दाखवत होतो ते आमच्याकडे नव्हतंच. आम्ही फोटो बदलला. कोणतं गेट जवळ, नागपूरहून यायला किती वेळ लागतो, पावसाळ्यात जंगल कधी बंद असतं, सफारीचं बुकिंग वेगळं करावं लागतं, हे चार ओळींत लिहिलं. कोटेशन तसंच बॅगेत राहिलं. त्या महिन्यात मला ते जड गेलं.

तेव्हापासून मी एक काम आधी करायला लागलो. साइट उघडण्यापूर्वी मालकाला सांगतो, गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि फोनवर लोक काय विचारतात ते लिहून काढा. भंडाऱ्यात पितळेच्या भांड्यांच्या एका दुकानात अशी वही ठेवली. या गावाची ओळखच पितळेची, पण त्यांच्या साइटवर समयांचे मोठमोठे फोटो आणि प्रत्येकाखाली कधीकाळचा भाव. वहीत बघतो तर निम्मे प्रश्न एकच: भाव नगावर की किलोवर? पितळ वजनावर विकलं जातं, भाव वरखाली होतो, हे दुकानदाराला इतकं अंगवळणी पडलेलं की साइटवर ते लिहायचं कोणाला सुचलं नव्हतं. दुसरा प्रश्न दुकान कोणत्या वारी बंद असतं याचा. दुकानाचे मालक वयाने माझ्याहून बरेच मोठे. ते म्हणाले, “जुनं भांडं घेऊन मानूस आला का आमी पयले पायतो, तळ फुटला का नुसती कल्हई गेली. तुमी साइटचा तळ पायता का जी?”

मी पाहत नव्हतो. मी वरची चकाकी पाहायचो.

आता तळ पाहतो. मालकाला भाव, वेळ, फोटो स्वतःच्या हाताने बदलता येतो का, की प्रत्येक वेळी मला फोन करावा लागतो? साइट ज्यावर चालते त्या सॉफ्टवेअरला सुरक्षेची दुरुस्ती मिळते आहे का? पीएचपी 7.4 ची दुरुस्ती नोव्हेंबर 2022 ला थांबली, आणि त्यावर चालणाऱ्या साइट अजूनही सापडतात. पान सावकाश उघडतं का? गूगल म्हणतं, पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. आमच्याकडे तो उशिरा दिसतो त्याचं कारण बहुतेक वेळा भाच्याच्या लग्नातल्या फोटोग्राफरने काढलेला, कॅमेऱ्यातून जसाच्या तसा चढवलेला अवाढव्य फोटो असतं. तो लहान करायला दुपार पुरते, आणि दुपारच्या कामाचे मी दुपारचेच पैसे घेतो.

कधी कधी तर साइटच नको, हेही सांगावं लागतं. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलसोबत फुकट मिळणाऱ्या एकपानी साइट मार्च 2024 मध्ये बंद झाल्या तेव्हा बरेच छोटे दुकानदार घाबरून आले. त्यांच्यातल्या पुष्कळांचं गिऱ्हाईक नकाशा, फोन नंबर आणि दुकानाची वेळ एवढंच पाहत होतं, आणि ते तर प्रोफाइलवर शाबूत होतं. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला मी कशाला साइट विकू?

आणखी एका बाबतीत माझं मत फिरलं आहे. जिल्ह्याची सरकारी साइट एनआयसीच्या एस-थ्री-वास या साच्यावर उभी आहे. भंडाऱ्याची उघडा, गोंदियाची उघडा, गडचिरोलीची उघडा, तोंडवळा एकच. या एकसारखेपणाची मी भरपूर टिंगल केली आहे. पण भरतीची जाहिरात किंवा निविदा शोधणारा माणूस एका जिल्ह्याची साइट शिकला की शेजारच्या जिल्ह्यात अडत नाही. याकोब नील्सन या अभ्यासकाने फार पूर्वीच सांगून ठेवलंय की लोकांचा बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या साइटवर जातो, त्यामुळे तुमचीही तशीच चालावी अशी त्यांची अपेक्षा असते. फोन नंबर वर उजवीकडे न ठेवता काहीतरी कल्पक जागी ठेवण्यात मी पूर्वी मोठेपणा मानायचो. आता तो सगळे ठेवतात तिथेच ठेवतो.

मोठ्यांचंही यात फसतं. ब्रिटनमधल्या मार्क्स अँड स्पेन्सरने फेब्रुवारी 2014 मध्ये साधारण 15 कोटी पाउंड खर्चून नवी साइट उघडली. जुन्या ग्राहकांना पुन्हा नव्याने नोंदणी करायला लावली. पुढच्या तिमाहीत त्यांची ऑनलाइन विक्री 8.1 टक्क्यांनी घसरली. ती कंपनी असा फटका सोसून उभी राहते. मोहाडीचा कोसावाला लग्नसराईत सोसेल?

म्हणून वेळ पाहतो. भांडीवाल्याच्या साइटला धनत्रयोदशीच्या आधी हात लावत नाही. लॉजवाल्याचं काम पावसाळ्यात, जंगल बंद असताना. आणि साइट नवी करायचीच ठरली तर सगळ्यात आधी जुन्या पानांच्या पत्त्यांची यादी काढतो. कोणतं पान कोणत्या शब्दांनी शोधून लोक येतात, ते गूगल सर्च कन्सोलमध्ये फुकट दिसतं. पत्ता बदलला तर जुन्यावरून नव्यावर नेणारा कायमचा वळसा, आमच्या भाषेत 301, घालावा लागतो. नाहीतर कोणीतरी चार वर्षांपूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली लिंक दाबली की ‘पान सापडत नाही’. डोमेन कोणाच्या नावावर आहे तेही त्याच दिवशी पाहतो. ते साइट बनवणाऱ्याच्या नावावर निघालं की बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी ते मालकाच्या नावावर करून घेतो. यात माझ्या व्यवसायबंधूंना राग येतो, येऊ द्या.

एवढं सगळं असूनही गेल्या वर्षी एका राइस मिलवाल्यांना मी स्वतःहून म्हटलं, तुमची साइट पूर्ण नवी करायला हवी. साइट काही वाईट दिसत नव्हती. धंदा बदलला होता. आधी ते व्यापाऱ्यांना पोत्यांनी माल द्यायचे, म्हणून साइटवर मिलच्या यंत्रांचे फोटो आणि रोजची क्षमता. भंडारा चिन्नोरला जीआय मानांकन मिळाल्यावर पुण्या-मुंबईची घरं पाच किलोची पिशवी मागू लागली. त्या घरातल्या बाईला यंत्राचं काय करायचंय? तिला विचारायचं असतं की हा चिन्नोर भंडाऱ्याचाच ना, का बालाघाटचा, आणि तांदूळ नवा आहे की जुना. हे प्रश्न जुन्या साइटच्या कुठल्याच पानात बसत नव्हते. तिथे तळच गेला होता.

माझ्याकडे काम शिकणारा पोरगा म्हणतो, “सर, तुम्ही इतका विचार कशाला करता? एआयला सांगितलं की तासाभरात नवी साइट.” त्याचं खरं आहे. पूर्वी नव्या साइटचा खर्च ऐकूनच मालक दोनदा विचार करायचा, आता तो अडसर गेला. आंधळगावच्या एका कोसावाल्यांची साइट त्याने अशीच एका संध्याकाळी उभी केली. देखणी झाली, माझ्याहून बरी. पण मजकुरात लिहिलेलं की आमचं रेशीम तुतीची पानं खाणाऱ्या अळ्यांचं. कोशाची अळी वाढते ती जंगलात, ऐनाच्या नि अर्जुनाच्या झाडावर. आमच्याकडे ढीवर समाजाची माणसं ती पाळतात, पाखरांपासून राखतात. कोसा घेणारा माणूस नेमकं हेच विचारतो, आणि अस्सल रेशमाचा सिल्क मार्क आहे का ते.

जुन्या साइटवर हे सगळं होतं. मालकांच्या वडिलांनी स्वतः लिहिलेला एक लांबलचक परिच्छेद, झाडीबोलीत, ना पूर्णविराम ना स्वल्पविराम. सर्च कन्सोल उघडून पाहिलं तर बाहेरगावची माणसं ज्या पानावर येत होती ते पान तेच. आम्ही तो परिच्छेद उचलून नव्या साइटवर ठेवला, पानाचा पत्ताही जुनाच राखला. त्याचं शुद्धलेखन सुधारायचं की नाही यावर पोराचं आणि माझं अजून जमलेलं नाही. तो म्हणतो सुधारा. मालक म्हणतात, बाबांना विचारा.