पडवींतील सरमा

वैश्वदेवाच्या वेळीं कुत्रा, कावळा आदिकरून प्राण्यांसाठीं भुईवर अन्न ठेवावें, असें आमच्या धर्मशास्त्रांत सांगितलें आहे. आमच्या वडिलांनीं तें व्रत शेवटपर्यंत पाळलें. आम्हीही नागपुरांत, महालांतील आमच्या घराच्या दारीं, रोज दोन पोळ्या टाकीत असूं व आपलें कर्तव्य पुरें झालें असें समजून पाटावर बसत असूं. या समजुतीस पहिला धक्का बसला तो २०२२ च्या ऑक्टोबरांत. मोकाट कुत्र्यांना खाऊं घालण्याची ज्यांना इच्छा असेल, त्यांनीं तीं रीतसर दत्तक घेऊन आपल्या घरीं न्यावीं, असें येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठानें सांगितलें. पुढच्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्या अटीस स्थगिती दिली, हें खरें. परंतु गल्लींतील एका शेजाऱ्यानें आम्हांस केलेला प्रश्न कांहीं स्थगित झाला नाहीं. "गुरुजी, एवढी माया आहे, तर घरांत कां घेत नाहीं?" त्याच्या नातवाला कुत्रा चावला होता, त्याचा राग निराधार नव्हता. आम्ही निरुत्तर झालों.

२०२३ च्या मे महिन्यांत, ऊन रणरणत असतां, एक कुत्री आमच्या ओट्याखालीं नालीच्या ओलाव्यांत येऊन पडली. अंगावर केस म्हणून उरला नव्हता. कातडें राठ व भेगाळलेलें, कानामागें जखम आणि जखमेंत किडे. दुर्गंधीनें जवळ जाववेना. पोरांनीं दगड उचलले, आणि त्या क्षणीं आम्हांस आमचें एक जुनें पाप आठवलें.

पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या वर्गाच्या दाराशीं असेंच एक कुत्रें येऊन बसलें होतें. त्यानें कोणाचें कांहीं बिघडविलें नव्हतें. "हाकला रे त्याला," एवढेंच आम्ही म्हटलें. मुलांनीं दगडांचा वर्षाव केला आणि तें एक पाय ओढीत निघून गेलें. लाजेची गोष्ट ही, कीं त्याच आठवड्यांत आम्हीं त्याच मुलांस आदिपर्वांतील सरमेची कथा शिकविली होती. जनमेजयाच्या सत्रांत सरमेचा पुत्र आला. त्यानें हविष्यान्नाकडे पाहिलें नाहीं, कीं त्यास जीभ लाविली नाहीं. तरी राजाच्या भावांनीं त्याला मारलें. सरमेनें कारण विचारलें, तेव्हां कोणी उत्तर दिलें नाहीं. निरपराध्यास मारलें म्हणून तुमच्यावर अदृष्ट भय येईल, असा तिनें शाप दिला. महाभारताच्या आरंभीं हें मार खाल्लेलें कुत्रें आहे, आणि शेवटीं ज्याला सोडून स्वर्गांत जाण्याचें धर्मराजानें नाकारलें, तें कुत्रें आहे. दोन्ही स्थळें आम्हीं अन्वयासह शिकविलीं. समजलें मात्र एकही नाहीं.

आमच्या घरांत सोवळेंओवळें अद्याप पाळलें जातें. सौ.स विचारलें. ती घटकाभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मागच्या पडवींत ठेवा. उंबरठ्याच्या आंत नको. आणि बरी झाली, कीं एखाद्या चांगल्या घरीं द्या. तिला जन्मभर सांभाळायचें आपलें वय आहे कां आतां?" हल्लींचीं तरुण माणसें ज्यास 'फॉस्टर' म्हणतात, तें याहून निराळें नाहीं. आजारी जीवाला कांहीं काळ आसरा द्यावयाचा, आणि दुसऱ्याला देतां येईल इतका धट्टाकट्टा करावयाचा.

त्या रात्रीं आमच्या हातून मोठी चूक झाली. उपाशी जीव म्हणून आम्हीं वाडगाभर दूध व पोळ्यांची चळत तिच्यापुढें ठेविली. तिनें सर्व फस्त केलें, आणि पहाटेपर्यंत ओकाऱ्या व जुलाब यांनीं ती अर्धमेली झाली. सकाळीं गोणपाटांत गुंडाळून, ऑटोवाल्याची मनधरणी करून, तिला सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत नेलें. तेथें कळलें, कीं दीर्घ उपासानंतर एकदम पोटभर अन्न दिल्यास रक्तांतील क्षारांचा तोल जाऊन प्राणावर बेततें; अशा वेळीं थोडें थोडें अन्न दिवसांतून चारपांच वेळां द्यावें. शिवाय मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांस दूध पचत नाहीं. आमची दया तिला मारण्याच्याच बेतांत होती.

जखमेंतील किडे चिमट्यानें काढले, सलाईन दिलें, कातडीचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. खरजेचे किडे निघाले. रक्तांत गोचिडतापही सांपडला. खरजेवर ठराविक अंतरानें औषध आणि तापावर चार आठवडे रोज गोळ्या, असा उपचार ठरला. ही खरूज माणसासही लागूं शकते, म्हणून हातमोजे घालावे लागत. आम्हां उभयतांस रेबीजची लसही टोचून घ्यावी लागली. सरमेला ती अंगांत बळ आल्यावर दिली. शेजाऱ्याच्या भीतीस योग्य उत्तर हेंच होतें. एवढें करूनही कुत्रा चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. कारण लक्षणें दिसूं लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमींच प्राण घेतो.

औषधें सोपीं होतीं. भय अवघड होतें. आम्ही काठी घेऊन चालतों. काठी दिसतांच ती भिंतीशीं दबून मुतत असे. आम्हीं काठी ओसरीवर ठेवण्यास आरंभ केला. रोज सकाळीं तिच्याकडे पाठ करून बसावें व विष्णुसहस्रनाम म्हणावें, असा क्रम ठेविला. पुढें एके दिवशीं पाठ चालू असतां आमच्या पावलावर कांहीं ऊन ऊन टेकलें. ती तिची हनुवटी होती. त्या दिवशीं नामांचा क्रम चुकला. कांहीं दिवसांनीं पाहतों, तों सौ. उंबरठ्यावर बसलेली आणि तिचा हात सरमेच्या डोक्यावर. आम्हांस पाहून म्हणाली, "उंबरठ्याच्या आंत नाहीं हो आली ती."

पावसाळा संपतां संपतां तिच्या अंगावर तांबूस केस आले. वजन भरल्यावर तिची नसबंदी करविली. दिवाळीनंतर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तिला काटोलकडील आपल्या संत्र्याच्या बागेंत नेलें. गाडींत बसतांना तिनें एकदां वळून पाहिलें. वर्षानुवर्षें मुलें वर्गांतून पुढें जातांना आम्हीं पाहिलीं, पण असा हुंदका कधीं आला नव्हता.

२०२५ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें, पिसाळलेलीं व हिंस्र कुत्रीं वगळून बाकीचीं नसबंदी व लसीकरण करून आपापल्या ठिकाणीं परत सोडावीं, असें सांगितलें. नोव्हेंबरांत शाळा, रुग्णालयें व स्थानकें यांच्या आवारांतील कुत्रीं निवाऱ्यांत नेण्याची आज्ञा केली. कुत्र्यांनीं कोठें राहावें, हें कायदा ठरवील. पण एका कुत्रीची खरूज धुण्यास कोणाच्या तरी मागच्या पडवीची गरज लागते, आणि अशा पडव्या आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं रिकाम्या आहेत.

सरमा गेल्यावर आठवड्याभरानें तोच शेजारी दाराशीं आला. त्याच्या परसांत पाय मोडलेलें एक पिल्लूं पडलें होतें. बराच वेळ हवापाण्याच्या गोष्टी करून तो म्हणाला, "गुरुजी, पडवी रिकामीच आहे ना?"

आम्ही सौ.कडे पाहिलें. ती आंत वळतांवळतां म्हणाली, "गोणपाट धुऊन ठेवलेलें आहे."