डिसेंबरच्या याद्या

१ डिसेंबर २०२३, मॅनहॅटन
कॉलेजप्रवेशाच्या अर्ली अर्जांची मुदत १ नोव्हेंबरला संपली. निकाल आता पंधरवड्यावर आलेत आणि लेकीच्या शाळेत मुलींपेक्षा आयांचेच चेहरे उतरलेत. खासगी, फक्त मुलींची शाळा. वर्षाची फी ६० हजार डॉलरच्या वर. फीसवलत नसती तर आम्ही या शाळेची पायरी चढलोच नसतो. म्हणूनच अर्ली डिसिजनची वाट आम्ही धरली नाही. त्यात प्रवेश मिळाला की तिथेच जायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मदत फारच अपुरी पडली तर सुटका होते, पण चार कॉलेजांनी देऊ केलेले आकडे शेजारी-शेजारी ठेवून निवड करता येत नाही. लेकीने मिशिगनला अर्ली अॅक्शनचा अर्ज केलाय. त्यात बांधिलकी नाही, मात्र निकाल जानेवारीअखेर.

१४ डिसेंबर
संध्याकाळी हार्वर्डचा निकाल लागला. ७,९२१ अर्ज, ६९२ प्रवेश. रात्री उशिरापर्यंत फोन चालूच. "आपल्याकडे किती जणींचा नंबर लागला? आणि त्या फक्त मुलांच्या शाळेत?" रडणाऱ्या मुलीबद्दल एकीनेही विचारलं नाही, याचा मला राग आला.

१६ डिसेंबर
दुपारी स्मिताताईंकडे गेले. त्यांचा मुलगा त्याच मुलांच्या शाळेत. कुठल्या कॉलेजात किती जण गेले, याच्या दोन्ही शाळांच्या गेल्या काही वर्षांच्या छापील याद्या टेबलावर पसरल्या. डावीकडे कॉलेजचं नाव, उजवीकडे आकडा. बाकी काही नाही. ताईंना मुलांच्या यादीतली बरीच घरं ठाऊक. त्या एकेका कॉलेजवर बोट ठेवत, तिथे कोण गेलं ते सांगत गेल्या. हा होडी वल्हवणारा. त्याला अर्जाआधीच तिथल्या कोचने हेरलं होतं. याचे वडील आणि आजोबा त्याच कॉलेजचे. मग मी आमच्या यादीवर बोट ठेवलं. आमच्याकडेही तेच: स्क्वॉशवाली, आईच्या कॉलेजात गेलेली, आणि अधूनमधून एखादी, जिच्यामागे काहीच नव्हतं. तिघींसाठी आकडा मात्र एकच: १.

शिवाय दोन्ही याद्या जुळतच नाहीत. बार्नर्ड आणि वेलस्ली फक्त मुलींच्या यादीत, कारण ती महिला कॉलेजं. अनेक लिबरल आर्ट्स कॉलेजांत मुलींचे अर्ज इतके जास्त येतात की तिथे मुलग्यांना झुकतं माप मिळतं. केनियन कॉलेजच्या प्रवेशप्रमुखांनी २००६ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये हे उघडपणे लिहिलं होतं. एमआयटीत नेमकं उलट: अर्ज मुलग्यांचे जास्त, निवडीचं प्रमाण मुलींचं. मग मुलांच्या शाळेचा आकडा मोठा दिसला, तर त्याचं श्रेय शाळेला कसं द्यायचं? ताई म्हणाल्या, "अगं, पण लोक शाळा निवडतात ती हीच यादी बघून." खरं आहे, आणि मला तेच सलतंय.

१७ डिसेंबर
पुण्याहून आईचा फोन. ती हुजूरपागेची. ती शाळा १८८४ची, आणि इथली मुलींची ब्रेर्ली शाळाही त्याच वर्षी निघाली, हे ऐकून तिला फार आनंद झाला. मग म्हणाली, "पण तुमच्याकडे बोर्डासारखी टक्केवारी नाही का? पेपर सगळ्यांना एकच असला की कोण पुढे ते कळतं." आपल्याकडच्या गुणवत्ता यादीवर मी खूप चिडलेली आहे, तरी आईचं म्हणणं मनात राहिलं. एकाच पेपरचे गुण समान असतानाही इथे काय होतं, ते चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी याच जुलैत दाखवलं: सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना हार्वर्डसारख्या १२ संस्थांत शिकायला जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्राधान्य, खेळाडूंची भरती आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना दिलेले गुण, ही त्याची मुख्य कारणं. मुला-मुलींच्या वेगळ्या शाळांचं म्हणाल, तर २०१४च्या एका मोठ्या आढाव्यात २१ देशांतले १८४ अभ्यास तपासले गेले. नीट तुलना केलेल्या अभ्यासांत वेगळ्या शाळांचा खास फायदा दिसला नाही. माझी लेक इथे गणिताच्या तासाला न घाबरता हात वर करते. मला ते लाखमोलाचं वाटतं, पण त्याला यादीत रकाना नाही.

१९ डिसेंबर
कॉलेज समुपदेशकबाईंना भेटले. म्हटलं, यादीत रकाने वाढवा: खेळाडू म्हणून किती, आई-वडिलांच्या कॉलेजात किती, बांधिलकीच्या अर्जाने किती, आणि फीसवलतीवर शिकलेल्या मुली कुठे गेल्या. त्या म्हणाल्या, वर्गात जेमतेम पन्नास मुली. असे रकाने छापले की कोण कोणती ते लगेच ओळखू येईल. मुद्दा रास्त होता. मग पाच वर्षांचे आकडे एकत्र करून छापा, म्हटलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि पालक समितीकडे लेखी मागणी करायला सांगितलं.

पत्राचा मसुदा रात्री झाला. स्मिताताई त्यांच्या शाळेला हेच पत्र देणार आहेत. लेकीने वाचलं आणि फीसवलतीची ओळ सर्वांत वर घ्यायला लावली.