उद्यमनगरचं देणं

वडील गेल्यावर त्यांची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आली. पेट्रोलचा काटा तेव्हा शून्यावर पडूनच असायचा. टाकी गळ्यापर्यंत भरली तरी जागचा हलायचा नाही. वडिलांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. डायरीत किलोमीटर मांडायचे, लिटरला बारा धरून भागाकार करायचे. मला मात्र नोकरीसाठी कोल्हापूरहून गडहिंग्लजला जावं लागे आणि भागाकाराच्या भरवशावर मुरगूडच्या पुढे जायचा धीर होत नसे.

पहिल्या गॅरेजात सोबत धाकटा भाऊ होता. त्याला गाडी चालवता येत नाही. तरी गाडीत काय बिघडलंय, हे तिथला माणूस त्यालाच समजावत होता. आख्खा मीटर बदला, जुन्या बाजारात मिळाला तर मिळाला, असा त्याचा निकाल. मी गाडी वळवली.

शिवाजी उद्यमनगरात ओतशाळा आणि लेथच्या शेडांच्या गर्दीत एक म्हातारे वायरमन बसत. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी आधी विचारलं, “गाडी कोन चालवतंय?”

“मी.”

“मग तुमी हिकडं या. भाऊ, तुमी च्या घ्या.”

त्या एका वाक्यासाठीसुद्धा मी त्यांची देणेकरी आहे. पण त्यांनी दिलं ते त्याहून कितीतरी जास्त.

टाकीच्या आत एका दांडीला फ्लोट असतो. पेट्रोल वर चढलं की तो वर येतो, दांडी एका बारीक तारेच्या गुंडाळीवरून सरकते, विद्युतरोध बदलतो आणि तेवढा पुढे काटा हलतो. म्हणजे संशयित पाच: काटा, तार, अर्थ (अर्थिंग), गुंडाळी आणि फ्लोट. मामांनी टाकीवरची तार सुटी करून माझ्या हातात दिली, इग्निशन चालू केलं आणि म्हणाले, “पत्र्याला टेकवा. टेकवून धरून ऱ्हाऊ नका.”

मी टेकवली. ते समोर काच पुसत उभे होते. “आला बघा वर!” काटा पार भरलेल्या खुणेपर्यंत गेला होता. तार उचलली तसा खाली आला. मीटर शाबूत, तारही शाबूत. जुन्या बाजारातला खर्च तिथंच वाचला. लगेच त्यांनी बजावलंही, की हे सगळ्या गाड्यांना लागू नाही. काही जुन्या इंग्लिश गाड्यांत नेमकं उलटं होतं, तार टेकवली की काटा शून्यावर. आणि पेट्रोलचा अन् पाण्याच्या तापमानाचा असे दोन्ही काटे एकदम बिघडले, तर टाकीला हात लावायचा नाही. दोघांना मिळून एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर असेल तर आधी तो बघायचा.

मग अर्थ. गंजानं आणि रबराच्या पॅकिंगनं तो तुटतो, म्हणून फ्लोटच्या पत्र्यापासून बॉडीला एक जादा वायर जोडली. काटा ढिम्म. आता टाकी उघडणं आलं. बॅटरीची वायर काढली, बिडीवाल्या शेजाऱ्याला रस्त्यापलीकडे पिटाळलं, भाग बाहेर काढून टाकीच्या तोंडावर ओलं फडकं टाकलं. मल्टिमीटर लावून मला दांडी हळूहळू उचलायला सांगितली. आकडा मध्ये कुठंही न तुटता उतरत गेला. म्हणजे गुंडाळीही निर्दोष.

“आता ह्यो हालवा, कानाला लावून.”

पितळेचा पोकळ फ्लोट नारळासारखा आतून डुचमळला. कुठल्याशा टाचणीएवढ्या भोकातून त्यात पेट्रोल शिरलं होतं आणि तो टाकीच्या तळाशी जाऊन बसला होता. गरम पाण्यात बुडवल्यावर सांध्यापाशी बुडबुडे आले. आतलं पेट्रोल काढून त्यांनी तो चांगला वाळू दिला. त्याआधी डाख द्यायला साफ नकार दिला, कारण आत वाफ उरली तर फ्लोट हातात फुटतो. डाखही दिला तो थेंबभरच. जास्त झाला तर फ्लोट जड होतो आणि काटा पुन्हा खोटं सांगतो.

हे सगळं त्यांनी एकट्यानं निम्म्या वेळात उरकलं असतं. दर पायरीला माझ्यासाठी थांबत होते. बिलात मात्र नवं पॅकिंग आणि डाख एवढंच. शिकवणीचे पैसे विचारले तर हाताखाली शिकणाऱ्या पोराकडे बघून म्हणाले, “ह्येला कुठं फी लावलीया?”

पुढे माझ्या शाळेतल्या कुणाचीही गाडी अडली की मी मामांकडे धाडायची. एकदा मधल्या सुटीत त्यांचाच फोन आला. एक साहेब मीटर बदलायचा हट्ट धरून बसले होते. “मॅडम, त्यास्नी जरा तुमीच सांगा, कुठली तार कुठं टेकवायची. माझं आयकंनात.” साहेब फोनवर आले. मी गाडी कुठली ते विचारलं, इग्निशन चालू करायला सांगितलं आणि मामांना काचेपुढे उभं केलं.