भयाचे वाटेकरी

चित्रपटाची शिफारस करणारा माणूस सामान्यतः सुखाचे आश्वासन देत असतो. संगीत श्रवणीय आहे, अभिनय पाहण्यासारखा आहे, दोन-अडीच तास बरे जातील, असा त्याच्या बोलण्याचा रोख असतो. भयपटाचा चाहता मात्र वेगळेच बोलतो. ‘बघच, पण रात्री एकट्याने बघू नकोस,’ असे तो बजावतो. आग्रह आणि मनाई एकाच दमात येतात. ज्याच्याविषयी आपुलकी आहे त्याच्याच झोपेचे खोबरे व्हावे अशी त्याची मनोमन इच्छा असते, आणि ऐकणाऱ्यालाही ती खटकत नाही. तो उत्सुकतेने चित्रपटाचे नाव विचारून घेतो, दिग्दर्शक कोण ते विचारतो आणि आपल्या पोतडीतले एखादे नाव बदल्यात देतो. रेल्वेच्या डब्यात, वसतिगृहाच्या खोलीत, कचेरीतल्या मधल्या सुट्टीत ही देवघेव पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. साहित्य आणि कलेच्या अभ्यासकांनी तिच्याकडे क्वचितच गांभीर्याने पाहिले. वस्तुतः अभिरुची कशी घडते, मूल्यनिर्णय कसे रुजतात, हे समजून घेण्यासाठी या देवघेवीइतके मोकळे क्षेत्र दुसरे नसेल.

भय दुसऱ्याला सांगितल्याने वाढते, ही गोष्ट भारतीय परंपरेला अपरिचित नाही. नाट्यशास्त्रात भयानक रसाचे विभाव सांगताना भरताने विकृत ध्वनी, भूतादींचे दर्शन, कोल्हा-घुबडांचे भय, ओसाड घर, अरण्यात जाणे यांची गणना केली आहे. आजच्या कोणत्याही भयपटाचे नेपथ्य या यादीतून सिद्ध करता येईल. पण यादी तेथे संपत नाही. स्वजनांचा वध किंवा बंधन प्रत्यक्ष पाहणे, त्याविषयी ऐकणे, त्याची कथा कानी पडणे यांचाही भरताने त्यात समावेश केला आहे. म्हणजे प्रत्यक्ष दर्शन आणि वार्ता यांना त्याने एकाच पंक्तीत बसविले. मित्राने हलक्या आवाजात सांगितलेली भयपटाची हकिगत ऐकताना अंगावर काटा येतो, तेव्हा चित्रपट सुरू होण्यापूर्वीच रसव्यापाराला आरंभ झालेला असतो.

भरताने भयानकाचे तीन प्रकार मानले आहेत: व्याजातून म्हणजे सोंगातून निर्माण होणारा, अपराधातून उद्भवणारा आणि वित्रासितक, म्हणजे दचकविण्यातून येणारा. चाहत्यांच्या गप्पा लक्षपूर्वक ऐकल्या तर नाट्यशास्त्र न वाचताही त्यांनी हेच वर्गीकरण केलेले आढळते. ‘त्यात खरे भूत नाही, पण मजा आहे’ असे एखाद्या चित्रपटाविषयी म्हटले जाते; दुसऱ्याविषयी ‘पाप फिरून येते, अशी गोष्ट आहे’; तिसऱ्याविषयी ‘नुसते दचकवतात’. कमाल अमरोही यांचा ‘महल’ १९४९ साली आला. ओसाड प्रासादात गाणारी ती स्त्री भूत नसून माळ्याची मुलगी आहे, हे पाऊणशे वर्षांनंतर सांगण्यास हरकत नसावी. १९६२ सालच्या ‘बीस साल बाद’मध्येही अखेरीस मनुष्याचाच हात निघतो. हा व्याजाचा भयानक. मात्र रहस्य उलगडले तरी ‘महल’ची शिफारस थांबली नाही, कारण उलगड्याआधीची धुक्यातली हुरहूर उलगड्यानंतरही मनात टिकून राहते. चाहत्याला हे नेमके कळलेले असते. शेवट न सांगण्याचा त्याचा दंडक त्यातूनच आला आहे. समीक्षक शेवट सांगितल्यावाचून पुढे सरकू शकत नाही. चाहता शेवट सोडून बाकी सर्व सांगतो. या दोन सवयींपैकी कलाकृतीच्या अनुभवाशी अधिक इमान राखणारी कोणती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

चाहत्यांच्या पसंतीने एक संपूर्ण चित्रप्रकार उभा राहिल्याचे उदाहरण हिंदी चित्रसृष्टीत आहे. रामसे कुटुंबाचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा १९७० सालचा चित्रपट चालला नाही. परंतु पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतात त्या एका प्रसंगासाठी काही प्रेक्षक चित्रपटगृहात परत येत, हे रामसे बंधूंनी हेरले. उरलेला चित्रपट प्रेक्षकांनीच गाळून टाकला होता. त्या गाळणीतून १९७२ सालचा ‘दो गज जमीन के नीचे’ निघाला आणि पुढे १९८४ सालच्या ‘पुराना मंदिर’पर्यंत व त्यानंतरही ती परंपरा चालली. १९९३ साली ‘झी हॉरर शो’ या मालिकेच्या रूपाने ती घराघरांत पोहोचली. प्रतिष्ठित समीक्षेने या चित्रपटांकडे पाठ फिरविली होती. त्यांची जाहिरात केली ती रात्रीच्या शेवटच्या खेळाहून परतताना मोठ्याने हसणाऱ्या टोळक्यांनी. ते हसणे भय ओसरल्याचे असे, तसेच ते लपविण्याचेही असे.

महाराष्ट्रात या देवघेवीला ग्रंथाचे अधिष्ठान लाभले. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या भयकथा ज्या वर्गणीच्या वाचनालयांतून फिरल्या, तेथे पुस्तकाची थोरवी त्याच्या झिजलेल्या पुठ्ठ्यावरून कळे. काउंटरवरचा माणूस सभासदाची नजर पाहून पुस्तक पुढे सरकवी. त्या शिफारशीची नोंद कोठल्याही वाङ्मयेतिहासात नाही. मात्र तिचे एक फळ सर्वांना दिसले आहे. राही अनिल बर्वे या दिग्दर्शकाला १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने धारपांची कथा ऐकविली. रात्र, अरण्य आणि मित्राचा आवाज: भरताचे विभाव जणू आपणहून जुळून आले होते. ती कथा ‘आजी’, आणि तिच्यामागे स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाची ‘ग्रॅमा’ ही कथा. म्हणजे एका अमेरिकन लेखकाने निर्मिलेले भय पुण्याच्या लेखकाने मराठी घरात आणले, वाचकाने ते मित्राला दिले, आणि पंचवीस वर्षांनी, १२ ऑक्टोबर २०१८ रोजी, ते ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाच्या रूपाने भारतभर पोहोचले. या प्रवासात कथा जवळजवळ ओळखू येणार नाही इतकी बदलली. खाटेवरची म्हातारी आणि तिच्याजवळ राहावे लागलेले मूल एवढे मात्र टिकले. प्रत्येक सांगणाऱ्याने स्वतःला जे झोंबले ते राखले आणि बाकीचे सोडून दिले.

‘तुंबाड’चे पुढचे भाग्यही शिफारशीनेच ठरविले. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी त्याला प्रेक्षक बेताचाच मिळाला. नंतरच्या वर्षांत तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला आणि सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा त्याची मिळकत पहिल्या वेळेपेक्षा अधिक झाली. घरी पडद्यावर पाहिलेला चित्रपट लोक तिकीट काढून पुन्हा पाहायला गेले. सोबत न पाहिलेल्या कुणाला तरी घेऊन गेले. हा अपराधाचा भयानक आहे. लोभाची युक्ती बाप मुलाला शिकवितो, आणि ती शिकविणे हेच त्याच्या अपराधाचे सर्वांत भीषण रूप ठरते.

देण्याघेण्याच्या या व्यवहारातच भय दडलेले आहे, हे ओळखले जपानने. कोजी सुझुकी यांच्या १९९१ सालच्या कादंबरीवर हिदेओ नाकाता यांनी १९९८ साली ‘रिंग’ हा चित्रपट केला. एक चित्रफीत पाहणारा सात दिवसांत मरतो. वाचायचे असेल तर त्या फितीची प्रत करून ती दुसऱ्याला दाखविणे एवढाच मार्ग आहे. त्या काळी चाहत्यांमध्ये चित्रफितींच्या प्रतींच्या प्रती फिरत. चित्र फिकट होई, आवाज खरखरे, तरी मागणी कमी होत नसे. नाकातांनी त्यांच्याच सवयीचे शापात रूपांतर केले. भयपटाची शिफारस करणारा खरोखर काय करीत असतो, याचे याहून निर्दय वर्णन कुणी केले नसेल. मनात रुतलेले काही दुसऱ्याच्या हाती सोपविल्याखेरीज त्याला सुटका नसते.

परंतु हे वर्णन अर्धेच खरे आहे. मुरलेल्या चाहत्याला सुटका नकोच असते. शेकडो भयपट पाहिलेल्या माणसाची अडचण अशी की, त्याला आता भीती वाटत नाही. दार कधी करकरणार, आरशात कोण दिसणार, संगीत थांबले की काय घडणार, हे त्याला आधीच कळते. ज्या गोष्टीसाठी तो या वाटेला लागला, तीच जाणकारीने त्याच्यापासून हिरावून घेतली. म्हणून तो नवख्या मित्राला शेजारी बसवितो आणि पडद्याऐवजी त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. मित्राचे दचकणे, डोळ्यांवर घेतलेले हात, मग बोटांच्या फटीतून पाहणे यांत त्याला आपली हरवलेली पहिली वेळ क्षणभर दिसते. हा आनंद दुष्टपणाचा नाही. तो काहीसा आजोबांनी नातवाला समुद्र दाखविण्यासारखा आहे.

येथेच शिफारशीचे दायित्व सुरू होते. घाबरणे आणि दुखावणे यांतील सीमारेषा माणसागणिक बदलते. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा २०१७ सालचा मराठी चित्रपट उसाच्या फडातील एकाकी घरात आणलेल्या गर्भवती स्त्रीची कथा सांगतो. त्यातले भय स्त्रीभ्रूणहत्येच्या अपराधातून उगवते. फडातून वाट न सापडणे ही तेथे नुसती दचकविण्याची युक्ती उरत नाही. पुढे त्याच दिग्दर्शकाने २०२१ साली ‘छोरी’ या नावाने तो हिंदीत केला. हा चित्रपट पाहाच असे सांगणाऱ्याला समोर कोण बसले आहे हे पाहावे लागते. जिने गर्भ गमावला आहे तिला तो कसा सांगायचा, केव्हा सांगायचा, की सांगायचाच नाही? संस्कृत साहित्यशास्त्राने रसास्वादाच्या अधिकाऱ्याची चर्चा सूक्ष्मपणे केली. पण तो अधिकारी त्या दिवशी कोणत्या दुःखात आहे, हे शास्त्राला माहीत नसते. मित्राला असते. छापील शिफारस येथे अपुरी पडते, कारण ती सर्वांना उद्देशून असते.

या जगाला स्वतःचे दोषही आहेत. चाहत्यांच्या मैफलीत चढाओढ लवकर शिरते. एकाने भीतिदायक नाव सांगितले की दुसरा त्याहून रक्तबंबाळ नाव काढतो, आणि ‘हे तर काहीच नाही’ हे वाक्य निर्णयाची जागा घेते. मग वित्रासितकाची सद्दी होते. व्याज आणि अपराध मागे पडतात. तरीही याच मैफलीत कुणीतरी थांबून १९६४ सालच्या ‘भार्गवी निलयम’ची आठवण काढतो. वैकोम मुहम्मद बशीर यांची लेखणी आणि ए. विन्सेंट यांचे दिग्दर्शन लाभलेल्या त्या मलयाळम चित्रपटात ओसाड घरात राहायला आलेला लेखक तेथील मृत तरुणीशी जिव्हाळ्याने बोलू लागतो. भुताशी मैत्रीही होऊ शकते, हे ऐकून चढाओढ आपोआप निवते. जर्मनीतील १९२२ सालच्या ‘नोस्फेराटू’च्या सर्व प्रती नष्ट करण्याचा न्यायालयाचा आदेश होता, कारण तो ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीवर परवानगीवाचून बेतलेला होता. इतरत्र उरलेल्या प्रतींमुळेच तो वाचला. भयपटांचा वारसा जपला गेला आहे तो पुष्कळदा असाच, आडवाटेने.

भयानक रसाची प्रतीती विशद करताना अभिनवगुप्ताने कालिदासाच्या हरिणाचा दाखला घेतला: दुष्यंताच्या रथापुढे धावणारे, मान वळवून मागे पाहणारे ते हरिण. त्याचे भय पाहताना ‘मी भ्यालो’ किंवा ‘तो भ्याला’ असे प्रेक्षकाला वाटत नाही. भय स्थळकाळाच्या आणि व्यक्तीच्या मर्यादा सोडून केवळ भय म्हणून प्रत्ययाला येते. नाट्यगृहात हे घडते. परंतु भयपट संपल्यावर, घरी दिवा मालवल्यानंतर, तेच भय पुन्हा ज्याचे त्याचे होऊन बसते. अंधारात पाणी प्यायला उठणे जड जाते. त्या एकट्या भयाला पुन्हा सर्वांचे करण्याचे काम दुसऱ्या दिवशीच्या गप्पा करतात. शिफारस करणारा सकाळीच विचारतो, ‘कुठे घाबरलास?’ चित्रपट कसा वाटला, हे तो विचारीत नाही. उत्तर देणाऱ्याला नेमका प्रसंग आठवावा लागतो, त्यातला नेमका क्षण, आणि तो क्षण आपल्यालाच का लागला, हेही थोडेफार कबूल करावे लागते. साहित्याच्या वर्गात विद्यार्थ्यांकडून असे उत्तर मिळविण्यासाठी शिक्षकाला बरेच श्रम घ्यावे लागतात.