सैनिकांची सवलत व तिचे अधिकारी

वेदान्ताच्या प्रकरणग्रंथांत आरंभींच 'अधिकारी कोण?' हा प्रश्न सोडविलेला असतो. विषय व प्रयोजन मागाहून. प्रथम ग्रंथ कोणासाठीं, तें सांगावयाचें. ज्यांचीं मुलेंबाळें अमेरिकेंत आहेत अशा आमच्या कांहीं वाचकांस हाच प्रश्न एका अगदीं लौकिक प्रकरणीं पडतो. तिकडे लहानथोरांच्या करमणुकीसाठीं मोठमोठीं उद्यानें उभारलेलीं आहेत, व त्यांच्या तिकिटांत सैनिकांस आणि त्यांच्या घरच्यांस सवलत असते. विषय क्षुल्लक दिसतो खरा. परंतु 'सैनिक कोण' व 'कुटुंब कोणतें' याचा निर्णय त्यांत करावा लागतो, आणि तो वाटतो तितका सोपा नाहीं.

डिस्ने कंपनीचें पहिलें उद्यान १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत उघडलें, व फ्लॉरिडांतील १९७१ सालीं. २००९ पासून ही कंपनी सैनिकांकरितां खास कमी दराचीं तिकिटें देत आली आहे. अलीकडच्या वर्षांतील नियमांप्रमाणें तीं नोकरींत असलेल्या सैनिकांस, राखीव दलांस, नॅशनल गार्डास, तटरक्षक दलास व निवृत्तांस मिळतात. येथवर कोणी अडखळणार नाहीं. परंतु तिकडे 'निवृत्त' म्हणजे सामान्यतः वीस वर्षें भरून पेन्शन मिळविलेला. चार वर्षें नोकरी करून, प्रसंगीं रणांगणही पाहून, सन्मानानें मोकळा झालेला मनुष्य माजी सैनिक खरा, पण निवृत्त नव्हे. त्यास हीं तिकिटें नाहींत. आणि तिकडच्या माजी सैनिकांत बहुसंख्य याच वर्गांतले! उलट सार्वजनिक आरोग्य खात्याचें जें गणवेशधारी दल आहे, ज्याच्यावर बंदूक उचलण्याची पाळीच येत नाहीं, तें मात्र यादींत आहे.

निवृत्त नसलेल्यांपैकीं सेवेमुळें शंभर टक्के अपंग ठरलेल्यांस अपवाद केलेला आहे. नव्वद टक्के चालत नाहीं. हें टक्क्यांचें गणित आमच्यासारख्या जुन्या मास्तराला मोठें मौजेचें वाटलें. पन्नास टक्क्यांच्या दोन इजा असल्या तर बेरीज शंभर होत नाहीं. पहिल्या इजेनें मनुष्य निम्मा उरला; दुसरी त्या उरलेल्याच्या निम्म्यावर लागावयाची; म्हणजे पंचाहत्तर, व दहाच्या पटींत आणून ऐंशी. हिशेब तर्कशुद्ध आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. ज्याचे गुडघे व पाठ दोन्ही गेलीं त्याला तो कसा पटवावा, हा प्रश्न निराळा.

पत्नीविषयींचा नियम तर व्याकरणाच्या विद्यार्थ्याला चटकन् समजेल. सैनिक दूर देशीं असेल तर त्याच्या हक्काचीं तिकिटें पत्नीस घेतां येतात. परंतु त्याच्या ऐवजी, त्याच्या शिवाय नव्हे. पाणिनीयांच्या भाषेंत ती आदेश आहे, आगम नव्हे. नवऱ्यानें सहा घेतलीं व बायकोनें आणखी सहा घेतलीं, असें होत नाहीं. सहा ही एका सैनिकामागची मर्यादा, आणि त्यांतलें एक तिकीट त्याचें स्वतःचें किंवा पत्नीचें असलें पाहिजे. उरलेल्या पांचांचें नातें मात्र कोणी विचारीत नाहीं. आई-वडील, सासू-सासरे, मित्र, कोणीही चालतो. ही उदारता लहान नव्हे. कारण 'सी वर्ल्ड' नांवाच्या दुसऱ्या उद्यानांत नोकरींतल्या सैनिकास वर्षांतून एकदां फुकट प्रवेश असतो खरा, पण सोबत त्याच्यावर अवलंबून असलेलीं तीनच माणसें. आणि अवलंबून कोण, तर पत्नी, अविवाहित मुलें एकवीस वर्षांपर्यंत व शिकत असल्यास तेविसापर्यंत. आई-बाप त्यांत यावयाचे तर निम्म्याहून अधिक चरितार्थ मुलगा चालवितो हें सिद्ध करावें लागतें. आमच्याकडे आईला मुलाच्या कुटुंबांत शिरण्यासाठीं दाखला लागत नाहीं. निदान अजून तरी लागत नाहीं.

आमच्या शेजारच्या एका बाईंचे जांवई चार वर्षें अमेरिकेच्या आरमारांत होते. नातवंडांना उद्यान दाखवावयाचें म्हणून लेकीनें पाठविलेला नियमांचा कागद घेऊन त्या आमच्याकडे आल्या. खास तिकिटें मिळणार नाहींत, हें आम्हांस सांगावेंच लागलें. मात्र २०१८ च्या एका कायद्यानें, सेवेमुळें थोडीही इजा झालेल्या माजी सैनिकांस १ जानेवारी २०२० पासून लष्करी तळांवरील दुकानें व करमणुकीच्या सोयी खुल्या झाल्या आहेत. तेथल्या कचेरींत साधीं तिकिटें थोड्या कमी दरानें मिळूं शकतात. त्यासाठीं सरकारी आरोग्य-कार्ड हवें. यावरून लेकीकडे चौकशी झाली, तेव्हां जांवईबापूंना दहा टक्के इजा लिहून मिळालेली आहे, हें सासूबाईंना प्रथमच कळलें. जहाजावरील यंत्रांच्या आवाजानें कानांत अखंड नाद होतो. कार्ड त्यांनीं कधीं काढलेंच नव्हतें. "मास्तर, तिकिटाचें राहूं द्या हो," बाई म्हणाल्या, "तो आवाज रात्रींही होतो का, तेवढें विचारतां येईल का लेकीला?"

तिकीट देणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. फाटकावरच्या पोरीनें कोणाचें शौर्य किती व कोणाच्या कानांत काय वाजतें, हें कसें तोलावें? तिला कार्ड वाचतां येतें. सरकारनें पेन्शनच्या हिशेबासाठीं जी रेघ मारून ठेविली, तीच कंपनीनें आपल्या दारांत ओढून घेतली. दान देणाऱ्यानें पात्र ठरवावें, हेंही योग्यच. आमची तक्रार एवढीच, कीं जाहिरातीच्या मथळ्यांत 'सैनिकांस सलाम' असें ठळक छापावें आणि चार वर्षें खपलेल्याला बारीक अक्षरांत वगळावें, हें बरें नव्हे. मथळाही तितकाच अरुंद ठेवावा.

हा परक्यांचा प्रश्न म्हणून सोडून देतां येईल, असें मात्र नाहीं. आपल्याकडे २०२२ सालीं अग्निपथ योजना निघाली. तिच्या अटींप्रमाणें अग्निवीर चार वर्षें नोकरी करतो. त्यांतले फार तर पंचवीस टक्के पुढें कायम व्हावयाचे. बाकीच्यांस ठरलेली एकरकमी रक्कम मिळते, पण पेन्शन नाहीं, लष्करी कँटीनची सोय नाहीं, आणि 'माजी सैनिक' हा दर्जाही नाहीं. आमच्या वर्गांतून गेलेलीं दोन मुलें तींत भरती झालीं आहेत. एकाची आई परवां बाजारांत भेटली व चार वर्षांनंतर त्याला काय म्हणावयाचें, असें विचारीत होती. आम्हीं तिला योजनेंतला शब्द सांगितला. तिनें तो दोनदां म्हणून पाहिला, आणि एस्टीच्या फॉर्मावर तो चालेल का, असें पुन्हा विचारलें.