नाव एक, माणसे दोन

आमच्या मराठवाड्यात माणसाचे एका नावाने भागत नाही. कुठलाही सातबारा उघडा. प्रत्येक नावाला एक शेपूट लागलेले दिसेल. ‘मारोती पि. नामदेव’, ‘सुमनबाई भ्र. विठ्ठल’. ‘पि.’ म्हणजे पिता, हे पुण्यामुंबईच्या पाहुण्यालाही कळते, पण ‘भ्र.’ दिसले की तो गडबडतो. अशाच एका पाहुण्याने मला विचारले होते, “हे भ्रमणध्वनीचे लघुरूप का हो?” मी म्हटले, “नाही हो, हा भ्रतार!” बाईच्या नावापुढे तिचा भ्रतार दोन अक्षरांत उभा असतो. हैदराबाद राज्याच्या काळापासून आमच्या कागदांना ही सवय आहे.

माझे स्वतःचेच पाहा ना. माहेर उदगीरचे, सासर देगलूरचे. शाळेच्या दाखल्यावर माझे एक नाव, रेशनकार्डावर दुसरे आणि कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठावर तिसरेच. दूधवाला, पोस्टमन आणि माझ्या वर्गातली पोरे या तिघींना एकच बाई समजतात, आणि त्यांचे कधी चुकलेले नाही. मी मॅट्रिक झालेली बाई. संस्थेच्या शाळेत लहानांना अक्षरे शिकवते. मोठे शास्त्र मला येत नाही. पण अक्षर आणि अर्थ यांच्यात किती अंतर असते, हे मात्र रोज फळ्यापाशी उभे राहून कळते.

हे अंतर आजवर माणसे भरून काढीत होती. देगलूर तेलंगणाच्या वेशीवर, उदगीर कर्नाटकाच्या. देगलूरच्या आडतीवर एखादा शेतकरी ‘कंदी’ म्हणत येतो, उदगीरला बिदरकडचा ‘तोगरी’ म्हणतो, उत्तरेकडचा व्यापारी फोनवर ‘अरहर’चा भाव विचारतो, आणि आपण सगळे ‘तूर’ म्हणतो. आडत्या चौघांशी बोलतो आणि पोते एकच मोजतो. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा ढीग पाहून विचारतात, “हवा किती आहे?” नवख्याला वाटेल, वाऱ्यापावसाची चौकशी चालली आहे. पण ही हवा म्हणजे दाण्यातला ओलावा. सरकारी खरेदीच्या कागदावर तिलाच ‘आर्द्रता’ म्हणतात. २०२४ साली खरेदीसाठी ही मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ टक्के केली, तेव्हा बाजारात ‘हवा वाढवून दिली’ एवढेच ऐकू आले, आणि ते सर्वांना कळले.

आता वाचणारा बदलला. कागद माणसाच्या हातून यंत्राच्या हाती गेला, आणि एक यंत्र दुसऱ्या यंत्राशी परस्पर बोलू लागले. पूर्वी जमिनीचे खरेदीखत झाले की नक्कल घेऊन तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागत. (तलाठ्याचे सरकारी नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, गावाला त्याचा पत्ता नाही.) आता ‘ई-फेरफार’ आला. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदला, की तिथले यंत्र महसूल खात्याच्या यंत्राला वर्दी देते. फेरफाराची नोंद पडते, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो. एका यंत्राने दुसऱ्याचे काम असे करून देणे याला ‘वेब सर्व्हिस’ म्हणतात. आणि फाइलीने कोणत्या मेजावरून कोणत्या मेजावर जायचे, आधी कोण, मग कोण, कुणी अडवले तर पुढे काय, याची जी शिस्त बसवायची तिला व्यवसाय-प्रक्रियेचे व्यवस्थापन असे भारदस्त नाव आहे. सोय मोठी आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करते. ज्यांनी खेपा घातल्या, त्यांना ती विशेष कळेल.

पण यंत्र पोचवते ती अक्षरे. अर्थ पोचेलच असे नाही. एका जुन्या खरेदीखतावर १.२० लिहिले आहे असे समजा. ते आहे एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. आजच्या सातबाऱ्यावर १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. आकडा तोच; जमीन दुप्पट! भावाभावांत कुऱ्हाडी निघायला याहून अधिक काय लागते? किंवा ‘पडताळणी झाली’ हे दोन शब्द घ्या. एका कचेरीत त्याचा अर्थ कागद पाहिला. दुसरीत, बांधावर जाऊन पीक पाहिले. पहिलीच्या यंत्राने दुसरीच्या यंत्राला हे दोन शब्द कळवले, की फाइल सुरळीत पुढे सरकते, आणि बांधावर मात्र कुणीच गेलेले नसते.

आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. भ्रतार जाऊन वर्षे झाली. दोन एकर कोरडवाहू हेच त्यांचे काय ते धन. एका पावसाळ्यात सोयाबीन पाण्याखाली गेले. नुकसानीचे पैसे मंजूर झाले, यादीत नावही आले. पण सातबाऱ्यावर ‘बाई’ आणि ‘भ्र.’, आधारवर ‘बाई’ नाही पण नवऱ्याच्या नावाला ‘राव’, बँकेच्या पुस्तकात ‘बाई’ आहे आणि ‘राव’ नाही. यंत्राने एका ओळीत निकाल दिला: नाव जुळत नाही. खिडकीमागचा मुलगा त्यांना ओळखत होता. त्याच्या आईची आणि मावशींची वारी बरोबर झालेली. पण ओळख टिपून घ्यायला त्याच्या यंत्रात जागा नव्हती. हरभऱ्याची पेरणी निघून गेली. बियाण्याचे पैसे व्याजाने काढले. शेवटी मावशींनी प्रतिज्ञापत्र करून दिले, की या तिन्ही नावांची बाई मीच आहे. त्या दिवशी ओट्यावर टेकून त्या म्हणाल्या, “बाई, साठ वरसं झाली मी मीच हाय. आता ते बी कागदावर लिहून द्यावं लागालंय!”

हे दुखणे एकट्या मराठवाड्याचे नाही. जगभरच्या यंत्रांचे ते आहे, आणि त्यावर औषध शोधणारी माणसेही आहेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. त्यांनीच जेम्स हेंडलर आणि ओरा लसिला यांच्याबरोबर मे २००१ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये ‘सिमँटिक वेब’वर लेख लिहिला. सिमँटिक वेब म्हणजे आपण अर्थाचे जाळे म्हणू. कल्पना ऐकायला अगदी बाळबोध आहे. प्रत्येक वस्तूला जाळ्यावर एक कायमचा पत्ता द्यायचा. नावे त्या पत्त्याच्या खुंटीवर टांगायची. तूर, कंदी, तोगरी, अरहर ही चार लेबले, खुंटी एक. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने ‘ॲग्रोव्हॉक’ नावाचा शेतीचा असाच शब्दसंग्रह चालवला आहे. त्यात चाळिसांहून अधिक भाषांतल्या संज्ञा एकेका संकल्पनेखाली बांधल्या आहेत.

मग या खुंट्यांमधली नाती सांगायची, तीही तीन तुकड्यांच्या छोट्या वाक्यांत. हे वाचले तेव्हा मला माझा वर्गच आठवला. मुलांना मी आधी ‘गाय दूध देते’ एवढेच लिहायला शिकवते. यंत्रालाही तसेच शिकवतात: ‘तूर आहे कडधान्य’, ‘विठ्ठल भ्रतार सुमनबाईचा’. अशी वाक्ये लिहिण्याची रीत १९९९ मध्ये ठरली. तिला आरडीएफ म्हणतात. त्यांवरून अनुमान कसे काढायचे, याचे व्याकरण २००४ मध्ये आले; त्याचे नाव ओडब्ल्यूएल, पण उच्चार ‘आउल’, म्हणजे घुबड. लक्ष्मीचे वाहनच म्हणा ना! आणि २००७ मध्ये वेब सर्व्हिसच्या दारावर अर्थाची चिठ्ठी कशी लावायची, तेही ठरले. आत कोणती माहिती घेतो, कोणत्या मापात घेतो, बाहेर काय देतो, हे त्या चिठ्ठीवरून परक्या यंत्राला कळावे.

हे आमच्याकडे नीट लावले तर? ‘भ्र.’ दिसले की पुढचे नाव नवऱ्याचे, हा नियम एकदा सांगितला की यंत्राला तो जन्मभर पाठ. ‘बाई’ आणि ‘राव’ हे मान आहेत, नाव नव्हे, हेही शिकवता येईल. १.२० च्या मागे एकर की हेक्टर, ही खूण सक्तीची होईल. ‘पडताळणी’ कागदाची की बांधाची, हे शब्दालाच विचारता येईल. निजामाच्या राजवटीतले कागद फसली सालाचे, महिने खुर्दाद आणि आबान. फसली सालात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो. जुना कारकून हे तोंडी करी, यंत्रही करील.

तरीही एका गोष्टीची मला धास्ती वाटते. यंत्राला ‘हे दोन्ही एकच’ असे म्हणायची फार घाई झाली तर? आमच्याकडे नातवाला आजोबाचे नाव ठेवतात. आजोबा नामदेव मारोती, मुलगा मारोती नामदेव, नातू पुन्हा नामदेव मारोती. गाव एक, वाडा एक, नाव एक, माणसे दोन. यंत्राने त्यांना एक करून टाकले, तर आजोबांचे कर्ज नातवाच्या माथी आणि नातवाची नोकरी आजोबांच्या नावावर! मावशींच्या बाबतीत एक माणूस तीन झाला. इथे दोन माणसांचा एक होईल. दुसरे दुखणे पहिल्याहून वाईट, कारण त्यात यंत्र ‘जुळत नाही’ म्हणून थांबतसुद्धा नाही.

गावांचेही तेच. माझे माहेर उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादेत आले, आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात. माहेरचे घर मात्र जागचे एक बोटही हलले नाही. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. आता कुणी यंत्राला एवढेच सांगितले, की उस्मानाबाद म्हणजेच धाराशिव, तर माझ्या वडिलांच्या जुन्या दाखल्यावरून ते आमचे घर उचलून धाराशिव जिल्ह्यात नेऊन ठेवील. ‘कोणत्या साली’ हे विचारल्याशिवाय ‘एकच’ म्हणता येत नाही.

म्हणून मला वाटते, अर्थाचे हे जाळे विणायला अभियंता तर हवाच, पण त्याच्या शेजारी घोंगडीवर आणखी कुणीतरी बसायला हवे. मोडी आणि उर्दू वाचणारे म्हातारे पेशकार, चार भाषांत तूर मोजणारे आडते, गावातला कोणता नामदेव कोणता हे सांगणारे कोतवाल. ही माणसे हेच आमचे चालते-बोलते शब्दकोश, आणि ती दर वर्षी थोडी कमी होताहेत. त्यांना विचारून घेण्याचे काम आज स्वस्तात होईल. दहा वर्षांनी पैसे ओतूनही होणार नाही. आणि यंत्राला जिथे शंका येईल तिथे ती निस्तरण्याचा भार कचेरीवर असावा, साठीच्या बाईवर नव्हे. मी कोण, हे शपथेवर सांगण्याची पाळी माणसावर येऊ नये. ते विचारणाऱ्याने शोधावे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लातूर-नांदेडच्या आडतींवर चोपड्यांची पूजा होते. हल्ली चोपडीशेजारी संगणकालाही हळदकुंकू लागते, आणि ते मला मुळीच खटकत नाही. चोपडीत आकड्याशेजारी माणसाचे नाव असे, आणि नावामागे त्याची सारी ओळख मुनिमाच्या डोक्यात असे. नव्या चोपडीला मुनीम नाही. तेव्हा त्याच्या डोक्यातले आता तिच्यातच लिहून ठेवायला हवे. मुनिमांपैकी काही अजून आडतीवर बसलेले आहेत; सणाच्या निमित्ताने भेटायला गेलात, तर फराळाबरोबर दोन शब्दांचे अर्थही विचारून घ्या.